आतले मोडेम आणि बाहेरचे मोडेम: लिनक्सवरील डायल-अप जोडणीचे एक प्रकरण

या प्रकरणातील वापरकर्त्या म्हणजे चिपळूणमधील एका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. मी त्यांचा जुना विद्यार्थी असून पुण्यात राहतो, आणि या कामात त्यांना मी जी मदत केली ती जवळजवळ सगळी फोनवरून केली. काळ २००३ च्या मे महिन्यापासून त्या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंतचा आहे. बाईंना लाटेक हा गणिती मजकूर नीट मांडून देणारा प्रोग्राम वापरून गणिताच्या प्रश्नपत्रिका तयार करायच्या होत्या, परदेशातील मुलीशी ई-मेलने संपर्क ठेवायचा होता आणि चोरून उतरवलेली प्रणाली घरात नको होती. म्हणून त्यांनी रेड हॅट लिनक्स ९ या संगणकप्रणालीच्या तीन सीडी मिळवून, संगणकावर आधीपासून असलेल्या विंडोजशेजारी ती प्रणाली स्वतः बसवली. पडदा, कळफलक, छपाई, ध्वनी असे सारे पहिल्याच दिवशी चालू झाले. फोनच्या तारेवरून लावायचे इंटरनेट, म्हणजे डायल-अप, मात्र लागेना.

संगणक स्थानिक दुकानात जुळवून घेतलेला होता आणि त्यात पीसीआय खाचेत, म्हणजे आतली कार्डे बसवण्याच्या जागेत, बसवलेले ५६ के मोडेम (फोनच्या तारेवरून संगणक जोडणारे उपकरण) होते. फोनची तार त्यातच जाई. विंडोजमध्ये हेच मोडेम, याच तारेवरून, याच खात्याने रोज जोडले जात होते. नवख्या माणसाला ही गोष्ट चीड आणणारी वाटते, कारण त्यातून दोष लिनक्सचा असल्याचा निष्कर्ष लगेच निघतो. निदान करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हा हाती लागलेला सर्वांत मोलाचा पुरावा असतो. फोनची लाइन ठीक आहे, तार ठीक आहे, खात्याचे नाव व पासवर्ड बरोबर आहेत आणि सेवा देणाऱ्या कंपनीकडची बाजू चालू आहे, या चार गोष्टी त्यातून एका झटक्यात सिद्ध होतात आणि शोध संगणकाच्या पेटीपुरता उरतो. ज्याच्याकडे तुलनेसाठी चालू विंडोज नाही, त्याला हे चारही मुद्दे एकेक करून तपासावे लागतात.

कामाची एक अडचण येथेच नोंदवली पाहिजे, कारण पुढील प्रत्येक टप्प्यावर तिचा परिणाम झाला. घरात फोनची लाइन एकच होती. मोडेमने फोन लावायचा तर आमचे बोलणे बंद करावे लागे आणि आमचे बोलणे चालू असेल तर मोडेमला लाइन मिळत नसे. त्यामुळे फोन ठेवायचा, प्रयत्न करायचा, पडद्यावर जे येईल ते वहीत अक्षरशः उतरवायचे आणि मग पुन्हा पुण्याला एसटीडी लावायचा, अशी पद्धत आम्ही ठरवली. गणिताच्या बाई असल्याने उतरवून घेण्यात त्यांनी कधी हयगय केली नाही. “काहीतरी एरर आला” असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. संदेशातील विरामचिन्हेसुद्धा त्या वाचून दाखवीत, आणि या प्रकरणाचे निदान दूरवरून होऊ शकले त्याचे श्रेय मी या वहीला देतो.

पहिले लक्षण असे होते. केडीई या लिनक्सच्या चित्रमय पडद्यामधील केपीपीपी हा फोन जोडणारा प्रोग्राम मोडेम प्रतिसाद देत नसल्याचे सांगे, आणि डब्ल्यूव्हीडायल या फोन जोडणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामसोबत येणारा, सर्व सिरियल पोर्ट (मोडेमसारखी उपकरणे जोडण्याची तोंडे) चाचपून मोडेम शोधणारा डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ हा प्रोग्राम एकही मोडेम सापडले नाही असे सांगून थांबे. बाईंनी आपल्या परीने तर्क चालवला होता.

“अरे, विंडोजमध्ये हे मोडेम कॉम ३ वर आहे असं लिहिलंय. मी पुस्तकात वाचलं की कॉम १ म्हणजे टीटीवायएस०. मग कॉम ३ म्हणजे टीटीवायएस२ व्हायला हवं ना? तेही देऊन पाहिलं. मख्ख बसून राहतं.”

तर्क निर्दोष होता, फक्त गृहीतक चुकीचे होते. विंडोजमधील कॉम १ ते कॉम ४ आणि लिनक्समधील टीटीवायएस० ते टीटीवायएस३ ही जुळणी खऱ्या सिरियल पोर्टांच्या बाबतीत बरोबर आहे. परंतु विंडोजमध्ये दिसणारा तो कॉम ३ म्हणजे प्रत्यक्षातले पोर्ट नव्हते. मोडेमच्या ड्रायव्हरने, म्हणजे ते चालवणाऱ्या प्रोग्रामने, जुन्या प्रोग्रामांच्या सोयीसाठी उभे केलेले ते एक नाव होते. ड्रायव्हर नाही तर ते नावही नाही. म्हणून मी त्यांना टर्मिनल उघडून एलएसपीसीआय ही आज्ञा द्यायला सांगितली. ही आज्ञा पीसीआय खाचांमध्ये काय काय बसले आहे त्याची यादी देते आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. यादीतील एका ओळीत कम्युनिकेशन कंट्रोलर, ल्यूसेंट आणि त्यापुढे विनमोडेम असे शब्द आले. येथे प्रकरणाचा पहिला भाग उलगडला.

मोडेमचे काम दोन थरांत होते. खालच्या थरात एक अंकीय संकेत-प्रक्रियक चिप शून्य-एकाच्या प्रवाहाचे ध्वनीत व ध्वनीचे पुन्हा शून्य-एकात रूपांतर करते. वरच्या थरात एक नियंत्रक चिप एटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या आज्ञा समजून घेते आणि व्ही.४२ पद्धतीने चुका दुरुस्त करणे, व्ही.४२बिस पद्धतीने मजकूर आकसून पाठवणे ही कामे करते. सिरियल पोर्टला जोडायच्या बाहेरच्या मोडेममध्ये हे दोन्ही थर पेटीच्या आतच असतात, त्यामुळे संगणकाला त्याच्याशी फक्त एटी आज्ञांच्या भाषेत बोलावे लागते आणि ती भाषा कोणतीही प्रणाली बोलू शकते. स्वस्तातल्या आतल्या मोडेमांत उत्पादकांनी खर्च वाचवण्यासाठी यातील एक किंवा दोन्ही थर काढून ते काम संगणकाच्या मुख्य प्रक्रियकावर टाकले. ल्यूसेंट कंपनीच्या या विनमोडेम कुळात संकेत-प्रक्रियक शिल्लक असतो, पण नियंत्रकाचे काम ड्रायव्हर करतो. पीसीटेल व स्मार्टलिंक या कंपन्यांच्या बऱ्याच मोडेमांत दोन्ही कामे ड्रायव्हरकडेच असतात. हा ड्रायव्हर विंडोजसाठी सीडीवर मिळे. लिनक्ससाठी त्याचे मिळणे चिपवर अवलंबून असे, आणि दुकानदाराला खोक्यातल्या चिपचे नाव सहसा ठाऊक नसे. नवख्याला हे कोणी आधी सांगत नसे, म्हणून तो पोर्ट क्रमांक बदलण्यात आठवडा घालवी.

बाईंच्या नशिबाने ल्यूसेंटच्या चिपसाठी एलटीमोडेम नावाचा ड्रायव्हर उपलब्ध होता. कोनेक्झंट कंपनीच्या चिपसाठीचे, लिनक्संट या कंपनीचे ड्रायव्हर विनामूल्य घेतल्यास वेग १४.४ केबीपीएसवर (सेकंदाला इतके हजार बिट) अडवत, पूर्ण वेगासाठी पैसे भरावे लागत. त्या मानाने हे प्रकरण सोपे होते. अर्थात इंटरनेट लावण्यासाठी लागणारा ड्रायव्हर इंटरनेटवरच होता. बाईंचा भाचा तो सायबर कॅफेतून सीडीवर उतरवून घेऊन आला.

एलटीमोडेम आपल्या कर्नलसाठी, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यासाठी, जुळवून घ्यावा लागे. त्याचा एक भाग मूळ प्रोग्रामच्या रूपात असतो, तर दुसरा भाग उत्पादकाने आधीच यंत्रभाषेत करून दिलेला, आत डोकावता न येणारा असतो. जुळवणीसाठी संगणकावर जीसीसी हा संकलक (मूळ प्रोग्राम यंत्रभाषेत बदलणारा) आणि चालू कर्नलच्याच आवृत्तीचे कर्नल-सोर्स हे पॅकेज, दोन्ही असावे लागतात. बाईंनी प्रणाली बसवताना वैयक्तिक वापराचा पर्याय निवडला होता, त्यात यातले काहीच येत नाही. सुदैवाने दोन्ही गोष्टी त्या तीन सीडींमध्येच होत्या. यूनेम या आज्ञेने कर्नलची आवृत्ती २.४.२०-८ अशी दाखवली, सीडीवरील पॅकेजवर हाच आकडा असल्याची खात्री बाईंनी अंक अन् अंक जुळवून केली आणि मग जुळवणी सुरू केली. ती बिनबोभाट पार पडली. ड्रायव्हर चढवताना कर्नल दूषित झाल्याची जी सूचना आली तिने बाई क्षणभर घाबरल्या. त्या सूचनेचा अर्थ इतकाच असतो की कर्नलमध्ये असा एक भाग शिरला आहे ज्याचा मूळ मजकूर कोणाला तपासता येणार नाही. संगणक बिघडत नाही. यानंतर मोडेमला टीटीवायएलटीएम० हे नाव मिळाले, कोणत्याही टीटीवायएसशी संबंध नसलेले.

या टप्प्यावर थेट केपीपीपीकडे न जाता मी मिनिकॉम हा प्रोग्राम उघडायला सांगितले. माझे मत असे आहे की नवख्याने फोन जोडणाऱ्या कोणत्याही चित्रमय प्रोग्रामला हात लावण्यापूर्वी मोडेमशी हाताने बोलून पाहावे. मिनिकॉममध्ये एटी टंकून एंटर दाबले की मोडेमने ओके म्हणायला हवे. ते म्हणाले तर पोर्ट, ड्रायव्हर आणि मोडेम तिन्ही चालू आहेत. न म्हणाले तर पुढच्या कोणत्याही सेटिंगला अर्थ नाही. चित्रमय प्रोग्राम हे सारे टप्पे एका बटणामागे दडवतात, आणि अडले तर कोठे अडले ते सांगत नाहीत. बाईंच्या पडद्यावर ओके आले. मग त्यांनी एटीडीटी आणि त्यापुढे कंपनीचा १७२ ने सुरू होणारा क्रमांक टंकला. उत्तर आले: नो डायलटोन.

हा अडथळा मला या प्रकरणातील सर्वांत लक्षणीय वाटतो. रिसीव्हर उचलला तर टोन स्पष्ट ऐकू येत होता, आणि मोडेम म्हणत होते की टोन नाही. दोघेही खरे बोलत होते. भारतातील डायल टोन ४०० हर्ट्‌झचा असून तो २५ हर्ट्‌झच्या लहरीने थरथरता केलेला असतो. अमेरिकेतील टोन ३५० आणि ४४० हर्ट्‌झ या दोन शुद्ध स्वरांचा असतो. देश सांगितला नसेल तर मोडेम बहुधा अमेरिकी टोनची वाट पाहत राहते आणि आपला टोन त्याच्या कानी पडूनही ओळखू येत नाही. विंडोजमध्ये मोडेम बसवतानाच देश म्हणून भारत निवडलेला होता, म्हणून तेथे हा प्रश्न उद्भवलाच नव्हता. यावरचा सरळ उपाय म्हणजे एटीएक्स३ ही आज्ञा. ती दिल्यावर मोडेम टोनची वाट न पाहता ठरावीक क्षण थांबून क्रमांक फिरवते; लाइन व्यस्त असल्याचा स्वर मात्र ओळखते. काही जागी टोन उशिरा येतो आणि क्रमांकाचे पहिले आकडे वाया जातात. तसे होत असल्यास क्रमांकाआधी एक स्वल्पविराम द्यावा, म्हणजे मोडेम आणखी थोडे थांबते. बाईंना त्याची गरज पडली नाही. एटीएक्स३ दिल्यावर मोडेमच्या भोंग्यातून परिचित किंकाळ्या ऐकू आल्या आणि पडद्यावर कनेक्ट ११५२०० असे उमटले.

हा आकडा वाचून बाई खूश झाल्या. तो लाइनचा वेग नव्हता. संगणक आणि मोडेम यांच्यात ठरलेला तो वेग असतो. लाइनवरचा खरा वेग दाखवण्यासाठी मोडेमला वेगळी आज्ञा द्यावी लागते. ती दिल्यावर जे आकडे दिसू लागले ते सेकंदाला चाळीस हजार बिटांच्या आसपास असत आणि पावसाळ्यात, खांबांवरून आलेल्या तारांत खरखर शिरू लागली की, त्याच्याही खाली येत. व्ही.९० पद्धतीच्या ५६ के मोडेमकडून भारतीय तांब्याच्या तारेवर याहून फार अधिक मागण्यात अर्थ नव्हता, आणि वरच्या दिशेने, म्हणजे संगणकाकडून बाहेर पाठवताना, तर त्या पद्धतीची मर्यादाच ३३.६ केबीपीएस आहे.

यानंतर डब्ल्यूव्हीडायलची सेटिंगची फाईल लिहिली. पहिल्या प्रयत्नात जोडणी काही क्षणांत तुटून, मोडेमने फोन ठेवल्याचा निर्देश करणारा १६ हा क्रमांक आला. कंपनीचा सर्व्हर सुरुवातीला नाव आणि पासवर्ड विचारणाऱ्या ओळी दाखवी, डब्ल्यूव्हीडायल भाबडेपणाने त्यांना उत्तरे देई आणि त्यातून पीपीपीऐवजी (फोनच्या लाइनवरून इंटरनेट चालवणाऱ्या पद्धतीऐवजी) भलतेच काही सुरू होई. डब्ल्यूव्हीडायलमध्ये यासाठी स्टुपिड मोड नावाची सोय आहे. ती चालू केली की तो त्या ओळींकडे दुर्लक्ष करून लगेच पीपीपी सुरू करतो आणि ओळख पटवण्याचे काम पॅप या पद्धतीने आतल्या आत होते. एक ओळ वाढवली आणि जोडणी टिकली. क्रमांक १९ आला असता तर नाव किंवा पासवर्ड नाकारला गेल्याचे कळले असते. हे दोन आकडे नवख्याने पाठच करून ठेवावेत.

जोडणी टिकली, स्वतःचा आयपी पत्ता (इंटरनेटवरील आकडी पत्ता), पलीकडच्या सर्व्हरचा पत्ता आणि संकेतस्थळांच्या नावांचे आकडी पत्ते सांगणाऱ्या डीएनएसचे दोन पत्ते पडद्यावर आले, आणि तरीही मोझिला या ब्राउझरमध्ये एकही पान उघडेना. येथे बाईंचा धीर सुटण्याच्या बेतात होता. “सगळं बरोबर दिसतंय आणि काहीच चालत नाही, याला काय म्हणायचं?” असे त्या म्हणाल्या. मी त्यांना ब्राउझर बंद करून तीन पिंग करायला, म्हणजे तीन ठिकाणी हाक मारून उत्तर येते का पाहायला, सांगितले: आधी पलीकडच्या सर्व्हरच्या पत्त्याला, मग डीएनएसच्या पत्त्याला आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाला नावाने. तिन्ही उत्तरे वहीत उतरवून मगच फोन करायचा होता.

पहिल्या पिंगला उत्तर आले. दुसऱ्याला उत्तर आले नाही, त्याऐवजी गंतव्य स्थान पोहोचण्याजोगे नसल्याचा संदेश आला. आणि बाईंनी सवयीप्रमाणे पूर्ण ओळ उतरवली असल्यामुळे हेही कळले की तो संदेश १९२.१६८.१.१० या पत्त्यावरून आला होता. इंटरनेटवर असा पत्ता कोणाचाही नसतो. तो त्यांच्याच संगणकातील नेटवर्क कार्डाचा पत्ता होता. प्रणाली बसवताना त्या कार्डाविषयीच्या चौकटी रिकाम्या ठेवू नयेत म्हणून बाईंनी पुस्तकातील उदाहरणातले आकडे भरले होते, त्यात गेटवेच्या (बाहेर जाण्याच्या दाराच्या) चौकटीत १९२.१६८.१.१ हाही पत्ता होता. कार्डाला तार जोडलेली नव्हती, तरी बाहेरचा सर्व मजकूर त्या गेटवेकडे पाठवायचा असा मार्ग प्रणालीने संगणक सुरू होतानाच आखून ठेवला होता. पीपीपी आल्यावर त्याने स्वतःचा मार्ग आखण्याचा प्रयत्न केला, पण आधीचा मार्ग असताना तो बदलायचा नाही हा त्याचा नियम आहे. तसे त्याने सिस्टिमच्या नोंदवहीत, म्हणजे व्हार-लॉग निर्देशिकेतील मेसेजेस या फाईलमध्ये, लिहूनही ठेवले होते: ईटीएच० (म्हणजे ते नेटवर्क कार्ड) कडे जाणारा आधीचा मार्ग बदलत नाही. संदेश जसाच्या तसा तेथे होता. तो कोणी वाचला नव्हता इतकेच.

नवे दार बसवल्यावरही घरातील माणसे जुन्या दाराशीच उभी राहावीत तसा हा प्रकार होता. उपाय एका मिनिटाचा होता. सिसकॉन्फिग निर्देशिकेतील नेटवर्क या फाईलमधून गेटवेची ओळ काढली आणि ते कार्ड संगणक सुरू होताना आपोआप चालू होणार नाही अशी खूण केली. त्या रात्री तिसऱ्या पिंगलाही उत्तर आले. डीएनएसचे पत्ते पीपीपीने सर्व्हरकडून मागून घेतले होते, त्यामुळे नावांचा प्रश्न वेगळा सोडवावा लागला नाही.

हे सगळे बाईंनी रूट या सर्वाधिकारी नावाने केले होते आणि रोजची पत्रेही त्याच नावाने वाचू लागल्या होत्या. ते मी बंद करायला लावले. त्या वेळच्या रेड हॅटमध्ये सिरियल उपकरणे यूयूसीपी या वापरकर्त्यांच्या गटाच्या ताब्यात असत. बाईंचे साधे नाव त्या गटात घातले आणि केपीपीपीला पीपीपी चालवण्याची परवानगी आहे हे पाहिले की रोजच्या कामासाठी रूटची गरज उरत नाही.

दोन महिने ठीक गेले. जुलैमध्ये बाईंनी सुरक्षेच्या कारणासाठी निघालेले नवे कर्नल, २.४.२०-१८.९, एका रात्री फोनवरून उतरवून बसवले, आणि दुसऱ्या दिवशी मोडेम नाहीसे झाले. कारण उघड होते: ड्रायव्हर जुन्या कर्नलसाठी जुळवलेला होता आणि नव्या कर्नलच्या मॉड्यूलांच्या (कर्नलला जोडायच्या भागांच्या) निर्देशिकेत तो नव्हताच. जुने कर्नल त्यांनी काढलेले नसल्याने संगणक सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीतून ते निवडले की मोडेम परत मिळे. नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर जुळवायचा तर त्याच आवृत्तीचे कर्नल-सोर्स हवे होते, आणि ते पॅकेज कर्नलपेक्षा बरेच मोठे असते. प्रत्येक सुरक्षा-सुधारणेमागे एवढे ओझे पावसाळ्यातील त्या लाइनवरून उतरवणे बाईंना परवडणारे नव्हते. फोनचे बिल वेगळेच.

म्हणून बाहेरचे सिरियल मोडेम घेण्याचा निर्णय झाला. किंमत आतल्यापेक्षा कितीतरी अधिक होती आणि बाईंनी त्याबद्दल मला ऐकवलेही. तरीही माझे मत आहे की लिनक्सवर डायल-अप वापरू पाहणाऱ्याकडे पैसे असतील तर त्याने सुरुवातच येथून करावी. नऊ पिनांची तार कॉम १ मध्ये बसवली, मोडेमला स्वतंत्र वीज दिली आणि डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ चालवले. त्याने टीटीवायएस० वर मोडेम सापडल्याचे लगेच सांगितले. ना ड्रायव्हर, ना जुळवणी, ना दूषित कर्नल. शिवाय पेटीवरील दिवे फोनवरून निदान करताना फार उपयोगी पडले. ओएच लागला म्हणजे मोडेमने फोन उचलला, सीडी लागला म्हणजे पलीकडच्या मोडेमशी सूत जुळले, आरडी लुकलुकतो म्हणजे मजकूर येतो आहे. पान उघडत नसेल तेव्हा बाई आता आधी दिवे सांगत आणि मग पडद्यावरचा संदेश.

आतले मोडेम त्यांनी काढून टाकले नाही. विंडोजमधून फॅक्स पाठवण्यासाठी ते ठेवले. डब्ल्यूव्हीडायलच्या फाईलमध्ये मोडेमच्या नावाची एक ओळ बदलली, स्टुपिड मोडची ओळ तशीच राहिली. एटीएक्स३ काढून पाहिले तेव्हा बाहेरच्या मोडेमनेही टोन नसल्याची तक्रार केली, म्हणून तीही परत घातली.